डोकं डावीकडे

१

नोर्चे सोपाकुआचं निम्मं आयुष्य माशांची डोकी डावीकडे वळवण्यात गेलं होतं. मासा ट्रेमध्ये ठेवायचा तो डोकं डावीकडे करून, फोटो काढायचा तो तसाच, चित्र काढायचं तेही तसंच. जगभर सगळे असंच करतात, आणि का करतात असं विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. डावी बाजू जपायची. काही कापायचं, उकलायचं असेल तर उजवीकडून. आंबोनच्या खाडीकाठच्या छोट्या संशोधन केंद्रात ती सोळा वर्षं हेच करत होती आणि तिला त्याचा कंटाळा नव्हता. घरी जेवतानाही ताटातला तळलेला मासा ती बोटाने हळूच डावीकडे वळवायची. त्यावरून तिची आई, घरातली ओमा, तिला रोज टोचायची. "खा की आता. त्याचं बारसं करायचंय का?"

या वर्षी मात्र खरंच बारसं होतं. तेते ब्राम नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या बांबूच्या सापळ्यात, चाळीस वाव खोल पाण्यातून, बोटाएवढा एक मासा वर आला होता. रंग पिकल्या जायफळाच्या जावित्रीसारखा लाल, आणि डोळ्यामागे एक पिवळी रेघ. नोर्चेने त्याच्या पाठीवरचे काटे मोजले, अंगावरच्या खवल्यांच्या रांगा मोजल्या, कल्ल्यांमधले दात भिंगाखाली मोजले, आणि दोन वर्षं पुस्तकं आणि चार देशांच्या संग्रहालयांतले नमुने पालथे घातले. कुठेच जुळेना. हा मासा आजवर कुणाला माहीत नव्हता.

सापडला होता तो एकच. नव्या जातीचं नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं. पुढे हजार मासे सापडोत, नाव कुणाचं असा वाद निघाला की बरणीतला तो एकच मासा पुढे आणायचा. नाव त्याचं, बाकीचे फक्त त्याच्यासारखे.

आणि नाव काय द्यायचं हे नोर्चेने केव्हाच ठरवलं होतं. स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही, ते हसं करून घेण्यासारखं आहे. पण लेकीचं देता येतं. तिर्सा सात वर्षांची होती, एकुलती एक, बाप जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. आई सगळा वेळ मेलेल्या माशांना देते हे तिर्साला कळायला लागलं होतं, आणि त्याची भरपाई म्हणून नोर्चेला दुसरं काही सुचलं नव्हतं.

या नव्या जातीवरच्या निबंधासाठी शेवटचं माप तिने मार्चमध्ये घेतलं. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, कॅलिपरने, तीनदा. अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर. तिन्ही वेळा तेच आलं. तिने मासा बरणीत सोडला, तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

टक, टक. आणि जरा थांबून तिसरी टक.

एक वाजला होता. शाळा सुटली की तिर्सा आवाराच्या भिंतीवरून उडी मारून थेट खिडकीशी यायची, दोनदा वाजवायची, आई मान वर करते का बघायची, आणि मगच तिसऱ्यांदा वाजवायची.

"आले गं," नोर्चे म्हणाली.

२

मे महिन्यात निबंधाचं मुद्रित तपासायला आलं. नोर्चेला आकडे पुन्हा पडताळून पाहायची खोड होती. तिने बरणी काढली, मासा ट्रेमध्ये ठेवला, डोकं डावीकडे.

एकोणपन्नास पूर्णांक तीन.

तिने कॅलिपर पुसलं, शून्यावर आणलं, पुन्हा मोजलं. एकोणपन्नास पूर्णांक तीन. मग मासा उलटा करून, मग भिंगाखाली. तेच.

शेजारच्या टेबलावर योपी बसायचा, निबंधाचा दुसरा लेखक. वयाने मोठा म्हणून ती त्याला बुंग, म्हणजे दादा म्हणायची. तिने त्याला बोलावलं.

"बुंग, हे बघ जरा. मासा वाढलाय."

"खायला काय घालतेस?"

"थट्टा नको रे. मोज."

योपीने मोजलं. त्यालाही तेच मिळालं. त्याने जुनी वही पाहिली, ओठ पुढे काढले, आणि म्हणाला, "मार्चमध्ये तू चुकलीस. अल्कोहोलमध्ये मासा आकसतो. आजवर कुणाचा वाढल्याचं मी तरी ऐकलं नाही."

"तीनदा मोजलं होतं."

"मग तीनदा चुकलीस. नवा आकडा टाक आणि मोकळी हो."

नोर्चेने नवा आकडा टाकला. पण तिच्या हातून माप चुकत नसे, आणि हे योपीलाही माहीत होतं.

३

तिर्साची उंची स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर नोंदली जायची. दर वाढदिवसाला आणि मध्ये कधी लहर लागली की पेन्सिलची एक रेघ आणि तारीख. त्या रविवारी चर्चमधून आल्यावर ओमा पापेदा घोटत होती. साबुदाण्याच्या पिठाची ती खळ नीट घोटायला दोन काठ्या आणि बरीच चिडचिड लागते. तिर्सा मध्ये मध्ये लुडबुडत होती म्हणून ओमाने तिला चौकटीशी उभं केलं.

"सरळ उभी राहा. टाचा टेक."

"टेकल्यात."

ओमाने डोक्यावर पळी आडवी ठेवली आणि रेघ मारली. मग ती गप्प झाली. ओमा गप्प होणं त्या घरात नवलाचं होतं, म्हणून नोर्चे उठून बघायला गेली. नवी रेघ जानेवारीच्या रेघेच्या खाली होती. बोटभर खाली.

"वाकली असेल," नोर्चे म्हणाली.

"नव्हते वाकले," तिर्सा म्हणाली.

सोमवारी तिने लेकीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने उंची घेतली, एकशे अठरा. कार्डावर सहा महिन्यांपूर्वीची नोंद होती एकशे एकवीस. त्याने कार्ड जवळ धरून पाहिलं आणि हसला. "मागच्या वेळी कुणीतरी चुकीचं लिहिलंय, बाई. मुलं वाढतात. फार तर वाढत नाहीत. पण कमी कुठून होणार?"

नोर्चेला हायसं वाटलं. योपी जे तिला म्हणाला होता तेच हा कार्ड लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल म्हणत होता. घरी येताना तिर्साच्या पायातून चप्पल दोनदा निसटली. तिने ती हातात घेतली आणि अनवाणी चालली.

४

तेते ब्राम पंधरवड्याने एकदा केंद्रावर यायचा. सत्तरी उलटलेला, अंगाला मासळीचा आणि लवंगेच्या सिगारेटचा वास. सगळं गाव त्याला तेते म्हणायचं, आजोबा. नोर्चेला मात्र तो अजून नोना, म्हणजे पोरगीच म्हणायचा.

"माझ्या माशाचं काय केलंस, नोना?"

"छापून यायचंय, तेते. शुक्रवारी पाठवते. तुमचं नाव आहे आत, कुणी पकडला म्हणून."

"आणि माशाचं?"

नोर्चेने सांगितलं. थोडं लाजत, थोडं अभिमानाने. तेतेने सिगारेट पेटवायला काडी काढली होती, ती तशीच हातात राहिली.

"तिर्सा? आपली तिर्सा?"

"हो. छान नाही का?"

"तिला विचारलंस?"

"सात वर्षांची आहे ती, तेते. खूश झाली."

"तिला नाही. त्याला." त्याने हनुवटीने बरणीकडे दाखवलं. "आमच्याकडे जित्या माणसाचं नाव दुसऱ्याला देत नाहीत, नोना. दिलंच तर दोघांना एका घरात वाढवत नाहीत. नाव एक आणि उचलणारे दोन. एकाला ते जड होतं."

"तो मेलेला आहे."

"मेलेल्याला नाव दिलंस, हे आणखी वाईट. त्याला दुसरं काय काम आहे?"

नोर्चे वैतागली. जड नावाची गोष्ट तिला ठाऊक होती. पोर सारखं आजारी पडलं की म्हातारे म्हणतात, नाव पेलत नाही, बदला. तिच्या वर्गात एक मुलगा तिसरीपर्यंत सालोमो होता आणि चौथीत अचानक पीट झाला. सगळे त्याला दोन्ही नावांनी चिडवायचे. पण ती शिकलेली बाई होती, आणि बरणीत होता तो एक मासा, ज्याच्या अंगातलं पाणी काढून तिने स्वतः अल्कोहोल भरलं होतं.

"अजून छापलं नाही ना?" तेते म्हणाला. "मग बदल. माझं दे. मी म्हातारा झालोय, मला काय जड आणि काय हलकं."

"बघते," ती म्हणाली, कारण तो त्याशिवाय उठला नसता.

५

गुरुवारी तिने मासा पुन्हा मोजला. एक्कावन्न पूर्णांक दोन.

या वेळी तिने योपीला बोलावलं नाही. ट्रेच्या पांढऱ्या तळावर मासा पडला होता, डोकं डावीकडे. पिवळी रेघ अजून पिवळीच होती. अल्कोहोलमध्ये महिन्याभरात रंग उतरतो. याला दोन वर्षं झाली होती. हे आपल्या आधीच लक्षात कसं आलं नाही, याचा तिने विचार केला आणि विचार पुरा होऊ दिला नाही.

तिने संपादकांना पत्र लिहायला घेतलं. जातीचं नाव बदलायचं आहे. पुढे कारण लिहायला हवं होतं. माझी मुलगी बुटकी होत आहे, असं तिने लिहिलं आणि ते वाचून तिचे कान लाल झाले. तिकडे सात समुद्रांपलीकडे कुणीतरी हे वाचणार, पुढच्या परिषदेत चहाच्या वेळी सांगणार. आंबोनची ती बाई. सोळा वर्षं तिने हेच होऊ नये म्हणून प्रत्येक माप तीनदा घेतलं होतं.

तिने पत्र पुसलं. शुक्रवारी मुद्रित पाठवलं. सोळा दिवसांनी निबंध प्रसिद्ध झाला, योपीने सगळ्यांना तळलेला नीरफणस आणि चहा दिला, आणि नाव कायमचं झालं. छापलेलं नाव मागे घेता येत नाही. लेखकालाही नाही. नियमच तसा आहे, आणि तो नियम नोर्चेला फार आवडायचा.

६

त्या दिवसापासून तिर्सा झपाट्याने उतरली. आधी दुसरीचा गणवेश ढगळ झाला. ओमाने ट्रंकेतून पहिलीचा काढला, तो बसला. मग तोही लोंबायला लागला. शाळेतल्या बाईंनी तिला मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आणलं आणि आठवड्याने हजेरी घेताना तिचं नावच घ्यायला विसरल्या. दोन दिवस लागोपाठ.

ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने दुसऱ्यांदा उंची घेतली तेव्हा तो हसला नाही. त्याने मोठ्या शहरातल्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली आणि ती देताना नोर्चेच्या नजरेला नजर दिली नाही.

तिर्सा दुपारी खिडकीशी यायची, पण काच आता तिच्या हाताला जेमतेम लागायची. टक, टक. तिसऱ्या टकटकीला फार वेळ लागायचा.

"दमलीस का गं?"

"नाही." तिर्साने विचार केला. "आई, कुणी मला हाक मारली ना, की मी ओ द्यायला जाते. पण माझ्या आधीच कुणीतरी देतं."

"कोण?"

"माहीत नाही. तिकडे आत आहे." आणि तिने आईच्या मागे, कोठीच्या दाराकडे पाहिलं, जिथे बरण्या होत्या.

नोर्चेला त्या क्षणी इतकी भीती वाटली की ती लेकीवर ओरडली. मग तिला पोटाशी धरून रडली. ती केवढीशी लागत होती.

माशाचं नाव बदलता येत नव्हतं. बदलता येण्यासारखं नाव एकच उरलं होतं.

७

तेते ब्राम आला, शेजारच्या चार बाया आल्या. ओमाने प्रार्थनेच्या मेजावर पांढरी बशी मांडली, वर पांढरा रुमाल घातला, आणि घरातल्या पूर्वजांना सांगितलं की आजपासून या मुलीचं नाव आनेके. जुन्या नावाने हिला कुणी हाक मारायची नाही, चुकूनसुद्धा नाही. मग सगळ्यांनी पिवळ्या कालवणाबरोबर पापेदा खाल्ला, आणि प्रत्येकाने उठताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिला नव्या नावाने एकेकदा हाक मारली. ती प्रत्येकाला ओ देत होती. चटकन, स्पष्ट.

"बघितलंस?" तेते म्हणाला. "हलकं आहे."

दुसऱ्या दिवशी ती कसाव्याच्या कंदाच्या तीन भाकऱ्या खाऊन उठली. महिन्यात पहिलीचा गणवेश तंग झाला, दोन महिन्यांत दुसरीचा. चौकटीवरची रेघ जानेवारीच्या रेघेला गाठून वर गेली. तरुण डॉक्टरने एकशे बावीस लिहिलं, आणि मधली दोन मापं खोडून टाकली. योपी म्हणाला, "सांगत नव्हतो? माप चुकतं." नोर्चेने त्याच्याशी वाद घातला नाही. तिला कुणाशीच वाद घालायचा नव्हता. लेक जिवंत होती, गुबगुबीत होती, दिवसभर बडबडत होती.

फक्त ती आता खिडकीवर टकटक करत नसे. सरळ दार ढकलून आत यायची.

"खिडकीतून का नाही आलीस?" नोर्चेने एकदा विचारलं.

"खिडकीतून कशाला?" आनेके म्हणाली. जणू असलं काही तिने कधी ऐकलंच नव्हतं.

मुलं विसरतात, नोर्चेने स्वतःला समजावलं. आजारातून उठलेली मुलं तर फारच. जायफळाचा मुरांबा तिला आधी आवडायचा नाही, आता आवडतो. यात काय आहे? झोपताना ती भिंतीकडे तोंड करायची, आता दाराकडे करते. बापाचा फोन आला की लाजते, परक्यासारखी. बाप वर्षातून दोनदा येतो, लाजेल नाहीतर काय. नोर्चे एकेका गोष्टीला उत्तर द्यायची, आणि प्रत्येक उत्तर बरोबर असायचं.

बरणी तिने त्यानंतर उघडली नव्हती.

८

नोव्हेंबरात राष्ट्रीय संग्रहालयाचं पत्र आलं. नाव ज्या नमुन्याला बांधलं आहे तो जावा बेटावर त्यांच्याकडे जमा करावा, तसा नियम आहे. नोर्चेला इतकं बरं वाटलं की तिने पत्र दोनदा वाचलं. समुद्रापलीकडे जाईल. एका घरात दोघं नकोत असं तेते म्हणाला होता, तेही होईल.

शनिवारी शाळा नव्हती, म्हणून आनेके बरोबर होती. नोर्चेने पॅकिंगचं सामान काढलं: कापूस, जाळीचं फडकं, डबा. कोठीत जाऊन दिवा लावला. फळ्यांवर बरण्यांच्या रांगा होत्या, सोळा वर्षांच्या, प्रत्येकीत मासा डोकं डावीकडे करून. तिनेच तसे ठेवले होते. आनेके स्टुलावर बसून पाय हलवत मुरांबा खात होती.

नोर्चे तिसऱ्या फळीपर्यंत पोचली आणि भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला.

टक, टक.

खिडकी बाहेरच्या खोलीत होती. आवाज तिथून आला नव्हता. काच मात्र होती, पातळ, आणि मागे पाणी असल्यावर काच जशी वाजते तशी बद्द वाजली होती. नोर्चेने मान वर केली, आणि जरा थांबून तिसरी टक झाली.

"आले गं," ती म्हणाली. सवयीने, नेहमीच्या आवाजात. "आले गं, तिर्सा."

बोलून झाल्यावर तिला कळलं. तिने वळून स्टुलाकडे पाहिलं. आनेकेने मान उचललीच नव्हती. ती बोटाला लागलेला पाक चाटत होती. नाव तिच्या कानांवरून असं गेलं होतं जसं रस्त्यावर दुसऱ्याच कुणाच्या मुलीला मारलेली हाक जाते.

नोर्चे परत वळली. तिसऱ्या फळीवरच्या एका बरणीतलं अल्कोहोल हिंदकळत होतं. मासा आता बरणीत मावत नव्हता, त्याला अंग मुडपून राहावं लागत होतं, आणि सगळ्या फळीवर त्याचं एकट्याचं डोकं उजवीकडे होतं, तिच्याकडे. तिने पाहिलं ते एवढंच. पिवळी रेघ, आणि काचेला टेकलेलं तोंड, आणि ती ओळखीची, दमलेली, मान वर करायची वाट बघणारी नजर. मग तिने दिवा मालवला.

"आई, कुणाशी बोलतेस?" आनेकेने विचारलं.

"कुणाशी नाही."

"घरी जाऊ या ना. मला भूक लागलीय."

नोर्चेने तिचा हात धरला. हात गरम होता, चिकट होता, वाढत्या वयाच्या निरोगी मुलीचा होता. या हातासाठी तिने जे करायचं ते केलं होतं, आणि पुन्हा करावं लागलं तर कोणासाठी करायचं हे तिला आता ठरवता येईना. तिने कोठीचं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. पॅकिंगचं सामान टेबलावर तसंच राहिलं.

"चल ना, आई," आनेके हात ओढत म्हणाली.

दाराच्या आतून पुन्हा टकटक झाली. टक, टक. तिसरी नेहमीच उशिरा यायची. नोर्चे कुलपावर हात ठेवून तिची वाट बघत उभी राहिली.